गाडीचा ताबा

सपकाळांनी कागद माझ्यापुढे सरकवला, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं आणि पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. मी पेन बाजूला ठेवलं आणि कागद वाचायला घेतला.

"छापील असतो तो, ताई. सगळ्यांना तोच," ते म्हणाले.

"म्हणूनच वाचते."

"तुम्ही वकील आहात का?"

"नाही. ग्रंथपाल."

"मग बरोबर," ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे बघत म्हणाले, आणि तो हसला. मीही हसले. अजून भांडण सुरू व्हायचं होतं.

शनिवार होता. दुपारचे चार वाजून गेले होते. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं ते मोठं सर्व्हिस सेंटर, आणि काचेपलीकडे धुऊन पुसून उभी असलेली नानांची गाडी. नाना म्हणजे माझे वडील. ते आणि आई वाईच्या बाहेर, धोमच्या रस्त्यावरच्या घरात राहायचे. मी साताऱ्याला एका कॉलेजात नोकरीला. गाडीचा क्लच घसरायला लागला म्हणून मंगळवारी मीच ती इथे आणून टाकली होती. शनिवारी संध्याकाळी ती वाईला न्यायची, रविवार घरी काढायचा आणि सोमवारी पहिल्या एसटीने परतायचं, असं ठरलं होतं.

कागदावर दोन कामं लिहिलेली होती. एक क्लचचं, जे मी सांगितलं होतं. दुसरं पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनचं, जे कुणीच सांगितलं नव्हतं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की वरील सर्व कामे मला विचारून आणि माझ्या संमतीने करण्यात आली आहेत, गाडी मी चालवून पाहिली आहे आणि कामाबद्दल माझं समाधान झालं आहे. त्याखाली सहीची रेघ. तारखेची जागा कोरी.

मी विचारलं, दुसरं काम कुणाला विचारून केलं. सपकाळ म्हणाले, मिस्त्रीने गाडी वर घेतली तेव्हा पार्ट झिजलेले दिसले, फोन लावला होता, लागला नाही, आणि केलंय ते तुमच्या भल्यासाठीच. मी झिजलेले पार्ट दाखवा म्हटलं. ते भंगारात गेले होते. मी म्हटलं, मग ते वाक्य खोडा, त्यावर तुमची सही करा, आणि न विचारता केलेलं काम बिलातून काढा. त्यावर ते म्हणाले की खाडाखोड केलेला कागद गेटवर चालत नाही आणि बिल बदलायचा अधिकार मॅनेजरना, मॅनेजर लग्नाला कोल्हापूरला.

हे सगळं ते न चिडता बोलत होते. चाळिशीचा, सडपातळ माणूस. शर्टाची कॉलर विरलेली पण इस्त्री कडक. आमचं बोलणं दोनदा गोल फिरून पुन्हा तिथेच आलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

मला हे सगळं कुठून येत होतं ते सांगायला हवं. नाना एकतीस वर्षं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कारकून होते. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. कागदावर रिकामी जागा दिसली की ते आडवी रेघ मारायचे; माझ्या शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावरसुद्धा मारली होती आणि बाईंनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली होती. निवृत्तीनंतर दर गुरुवारी दुपारी ते वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसायचे. बिघडलेल्या मिक्सरची पावती, विम्याचं नाकारलेलं पत्र, न मिळालेली अनामत, काय वाटेल ते घेऊन लोक यायचे. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून अर्ज लिहून द्यायची. आलेल्या प्रत्येकाला ते एक गोष्ट हमखास सांगायचे: आधी कागद, मग वस्तू. ताबा घेतलात की तुम्ही सगळं मान्य केलंत, मग ओरडून उपयोग नाही.

साडेचारच्या सुमारास सपकाळांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, असं करा. सही नका करू. गाडी घेऊन जा. गेटवरच्या माणसाला मी सांगतो. कागदाचं सोमवारी बघू."

"सही न करता?"

"नका करू म्हणतोय ना. घरचे वाट बघत असतील. उगाच रविवार कशाला घालवता?"

मी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, हाच तो सापळा. म्हटलं, "मी गाडी नेली की ताबा घेतल्यासारखं होतं. सोमवारी तुम्ही म्हणाल, समाधान झालं म्हणूनच नेली."

"मी कशाला म्हणीन तसं?"

"तुम्ही नाही, तुमची कंपनी म्हणेल."

तेवढ्यात माझा फोन वाजला. घरचा नंबर होता. नाना बोलत होते. केतकी, निघालीस का, विचारत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं, आणि उत्साहाने सांगितलं. गुरुवारच्या व्हरांड्यात एखादं अवघड प्रकरण आलं की आम्ही दोघं जसे बोलायचो, तसं. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सही कर आणि घेऊन ये."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "नाना, तुम्ही सांगताय हे?"

"हो. होऊ दे एकदा."

"सही तर ते नकोच म्हणतायत. तशीच घेऊन जा म्हणतायत. पण मी नेत नाहीये. ताबा घेतला की..."

"...मान्य केल्यासारखं होतं," त्यांनी वाक्य पुरं केलं. "तरी घेऊन ये."

"तुम्हीच शिकवलंत ना? आता तुम्हीच मागे फिरताय?" हे मी हसत बोलले, पण सपकाळांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मग ते म्हणाले, "बरं. तुझं बरोबर आहे."

फोन बंद झाला. मी सपकाळांना सांगितलं की गाडी इथेच राहील, सोमवारी मी लेखी तक्रार घेऊन येईन. त्यांनी मान हलवली आणि कागद पुन्हा फायलीत लावला.

ती संध्याकाळ माझी फार छान गेली. खोलीवर जाऊन पिठलं-भात केला, खिडकी उघडी ठेवून टेबलाशी बसले आणि तक्रारीचा मसुदा लिहिला. साडेतीन पानं. मुद्दे क्रमाने, तारखांसह. दोनदा लिहून काढला. नानांना सोमवारी फोनवर वाचून दाखवायचा, असा बेत होता. एका ठिकाणी 'सबब' हा त्यांच्या कचेरीतला शब्द घातला होता, तो वाचून ते हसतील असं वाटत होतं.

रविवारी पहाटे सहाला दहा कमी असताना आईचा फोन आला. नाना घामाने भिजलेत, बोलत नाहीत, एवढंच तिला सांगता आलं. शेजारच्या जाधवांनी भाजीचा टेम्पो काढला, मागे गादी टाकली आणि दोघांना घेऊन निघाले. मी साताऱ्यातल्या दवाखान्याच्या दारात उभी होते. टेम्पो आला तेव्हा आई नानांच्या उशाशी बसून त्यांच्या कपाळावरची कोथिंबिरीची पानं काढत होती.

डॉक्टर तरुण होते. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि जे सांगायचं ते सांगितलं. मग थोडं थांबून, मला वाटतं काहीतरी बोलायला हवं म्हणून, म्हणाले, "काल संध्याकाळी आणलं असतं तर बहुतेक वाचले असते."

वाईच्या घरी माणसं येऊ लागली. मी चहाचे कप भरत होते आणि आई बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून प्रत्येकाला तेच सांगत होती. गाडी गॅरेजवाल्यांनी अडवून ठेवली हो. पोरगी तासभर तिथे उभी होती, पण दिली नाही. गाडी दारात असती तर. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातात कपबशीचा ट्रे होता. आई असं का म्हणते, तिला हे कुणी सांगितलं, मला कळेना. मी तर तिच्याशी गाडीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. वाटलं, लोक गेल्यावर सांगू.

लोक गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"दिलीच नाही ना गं त्यांनी गाडी?"

तिने हे अशा आवाजात विचारलं की मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती उत्तराची वाट बघत होती. माझा हात तिने घट्ट धरला होता.

"नाही दिली," मी म्हटलं.

तिने हात सोडला आणि डोळे मिटले.

नानांचे दिवस झाल्यावर गाडी आली. मामेभाऊ जाऊन घेऊन आला. सही त्यानेच केली. काय लिहिलं होतं ते त्याने वाचलं नाही, मीही विचारलं नाही.

तक्रार करायचं माझ्या मनात नव्हतं. पण गुरुवारच्या व्हरांड्यात नानांनी ज्यांची कामं करून दिली होती ते सगळे घरी आले. भाऊसाहेबांच्या बाबतीत असं व्हावं आणि आपण गप्प बसावं का, म्हणाले. त्यांच्यातल्याच एका वकिलांनी फी न घेता प्रकरण हातात घेतलं. आईने देवासमोर दिवा लावला आणि मला म्हणाली, लिही. मी लिहिलं. न विचारता केलेलं काम, भंगारात घातलेले पार्ट, छापील संमती. एक एक मुद्दा खरा होता. चौथ्या परिच्छेदात लिहिलं की सही न केल्यामुळे गाडीचा ताबा देण्यास नकार देण्यात आला. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. खाली शपथेवर सही आहे.

जिल्हा ग्राहक मंचापुढे ते प्रकरण दीड वर्ष चाललं. सपकाळांनीही शपथपत्र दिलं. त्यात त्यांनी सरळ लिहिलं होतं की मी ताईंना सहीशिवाय गाडी न्यायला सांगितली होती, त्यांनी नेली नाही. त्यावर त्यांच्याच कंपनीच्या वकिलांनी हात वर केले. गेटवरून सहीच्या कागदाशिवाय गाडी बाहेर पडूच शकत नाही, असा कंपनीचा लेखी नियम आहे, ते म्हणाले. कर्मचाऱ्याने तसं सांगितलं असेल तर ते त्याचं व्यक्तिगत गैरवर्तन. माझ्या वकिलांनी तोच नियम उचलला आणि मंचापुढे ठेवला. सहीशिवाय गाडी सुटत नाही, सही केलेली नाही, म्हणजे गाडी अडवली होती. यांचाच कागद सांगतो.

त्या दिवशी मंचाच्या व्हरांड्यात मी पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. सपकाळ आले. डबा काखेत, तसाच कडक इस्त्रीचा शर्ट.

"ताई," ते म्हणाले, "नानांचं कळलं. वाईट झालं."

मी मान हलवली.

"तुम्ही लिहिलंय की आम्ही गाडी दिली नाही." ते थांबले. मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. "मी म्हणालो होतो ना, सही नका करू, घेऊन जा?"

मला अजून आठवतं की मी ग्लास पिंपावर नीट उपडा ठेवला.

"तसं लेखी काही आहे का तुमच्याकडे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. जवळजवळ कुतूहल होतं.

"लेखी कसं असेल?" ते म्हणाले. "मी तुमच्याशी बोललो होतो."

निकाल आमच्या बाजूने लागला. पेपरात चार ओळी आल्या. आईने निकालाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून नानांच्या फोटोमागे ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला काढून दाखवू लागली. सपकाळांना कामावरून काढल्याचं मला वकिलांकडून कळलं. ते आनंदाने सांगत होते.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. कॉलेजात पुस्तकांच्या पेट्या येतात, पोचपावतीवर सही करावी लागते. मी पावती पूर्ण वाचते, रिकाम्या जागी रेघ मारते, आणि सही करायला पेन टेकवलं की कानात नानांचा आवाज येतो. बरं. तुझं बरोबर आहे. रागाने बोलले असते तर सोसलं असतं. ते शांतपणे बोलले होते. एखाद्याच्या अर्जात काहीच चूक सापडली नाही की बोलायचे तसे. नवा शिपाई एकदा विचारत होता, मॅडम, पेन चालत नाही का.

दोन वर्षांपूर्वी पाचवडजवळच्या पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबले. हवेची नळी घेऊन जो माणूस आला ते सपकाळ होते. केस पिकले होते. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण ते पुढच्या चाकाशी वाकलेले असताना हात मधेच थांबला. मग त्यांनी चारी चाकांत हवा भरली, प्रत्येक टोपण घट्ट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "स्टेपनीत भरायची का?"

मी नको म्हटलं. गाडी सुरू केली. वाईपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही.

गेल्या डिसेंबरात वाईच्या ग्राहक मंडळाने आईला बोलावलं. ग्राहक दिनाला शाळेतल्या मुलांची निबंध स्पर्धा होती, बक्षीस नानांच्या नावाचं, आणि ते आईच्या हस्ते द्यायचं होतं. तिने चार शब्द बोलावेत, असाही आग्रह होता. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आयुष्यात कधी माइकपुढे उभी राहिली नव्हती. पण या वेळी हो म्हणाली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. आई समोर पाटावर, चष्मा नाकावर. जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे तिने भाषण लिहिलं होतं. ऐक, म्हणाली, चुकलं तर सांग. तिने वाचलं. नानांबद्दल होतं, व्हरांड्यातल्या टेबलाबद्दल होतं, आणि मग त्या शनिवारबद्दल. एका माणसाने गाडी अडवली आणि माझं कुंकू गेलं, असं वाक्य होतं. मुलांनो, तुमच्याशी कुणी असं वागलं तर गप्प बसू नका.

"नाव काय गं त्याचं?" तिने विचारलं. "मी विसरले. नाव घ्यावं म्हणते. लोकांना कळू दे."

"नाव नको घेऊ, आई."

"का? भितेस की काय आता?"

ठरवलं होतं, आज सांगायचं. पंपावरून आल्यापासून रोज ठरवत होते. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"खरं सांगू का, माझा त्याच्यावर राग नाही. तुला एक कधी सांगितलं नाही मी." तिने कागद मांडीवर ठेवला. "त्या दिवशी दुपारपासूनच त्यांच्या छातीत दुखत होतं. गॅस असेल म्हणाले, ओवा खाल्ला. मग म्हणाले, पोरगी गाडी घेऊन आली की तिच्याबरोबर साताऱ्याला जाऊन एकदा दाखवून येऊ. पण तिला फोनवर सांगायचं नाही, घाबरून गाडी मारत येईल. तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच उभी होते. मी तोंड उघडलं तर हातानेच गप्प बस म्हणाले."

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली.

"मी फोन ओढून घ्यायला हवा होता. वर्षभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. पण मग मनाला सांगायची, सांगून तरी काय झालं असतं? गाडीच नव्हती. जाधवांचा टेम्पोही तेव्हा बाजाराला गेलेला. फोन ठेवल्या ठेवल्या तेच म्हणाले होते मला, गाडी देत नाहीत गं ते आज, केतकी तरी काय करणार. म्हणून मी तुला विचारत होते, दिलीच नाही ना. तू नाही म्हणालीस आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या माणसाने गाडी दिली नाही, यावर मी इतकी वर्षं काढली बघ."

म्हणजे ते नानांनी सांगितलं होतं. छातीत कळ असताना, माझं सगळं ऐकून फोन ठेवला आणि तिथल्या तिथे माझ्यासाठी खोटं बोलले. मी फक्त ते पुढे चालवलं होतं. आता मी बोलले तर आईच्या हातून तो आधार जाणार होता, आणि न बोलले तर ती उद्या शंभर मुलांसमोर उभी राहून ते सांगणार होती. बाहेर जाधवांचा टेम्पो सुरू होत नव्हता. कुणीतरी ढकलत होतं. तो सुरू होऊन लांब जाईपर्यंत मी थांबले.

"नाव सांगतेस ना?" आई पेन उघडून म्हणाली.

"राजेंद्र सपकाळ," मी म्हटलं. "ते गाडी देत होते, आई. सहीसुद्धा नको म्हणाले होते. मी हे नानांना फोनवर सांगितलं, आणि नाना म्हणाले, तरी घेऊन ये. दोनदा म्हणाले. तू काही न सांगताही मला ती आणता येत होती. मी आणली नाही."